ॲप्रनवरची वाक्यं

वाचनालयातल्या वर्गात शेतिल म्हणाले,
पहाटे पाचला उठा, हजार शब्द लिहा,
मगच कॉफी.
उठले.
खिडकीबाहेर बोत्सफ्योर्डचा अंधार.
इथे नोव्हेंबरअखेर पहाट आणि दुपार
एकाच कोळशाचे दोन तुकडे.
टेबलावर वही, मी, आणि न प्यायलेली कॉफी.
त्र्याऐंशी शब्द झाले. त्यातले साठ हवामानावर.

मग भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या.
पिवळ्या म्हणजे प्रसंग, निळ्या म्हणजे माणसं,
गुलाबी म्हणजे काय ते आता आठवत नाही.
हीटर तापला की डिंक सुटायचा,
रात्रभर कादंबरी जमिनीवर गळत राहायची.
मुलगा म्हणाला, आई, तुझा पाद्री
माझ्या मोज्याला चिकटून शाळेत आला होता.

खरं तर माझ्याकडे एवढंच होतं:
एक माणूस किनाऱ्याच्या बोटीतून
चुकीच्या बंदरावर उतरतो
आणि बोट सुटली तरी हाक मारत नाही.
का मारत नाही?
तीन महिने तो धक्क्यावर उभा.
बॅग खाली ठेव, एवढंही मी त्याला सुचवलं नव्हतं.

कारखान्यात माझी जागा उजेडाच्या टेबलापाशी.
काचेखाली दिवा, काचेवर कॉडचा काप,
मांसातून उजेड आरपार येतो
आणि जंत दिसतो,
तपकिरी, चुकलेल्या टाक्यासारखा आत वळलेला.
चिमट्याने उचलायचा. पुढचा काप.
डावीकडे तवमणी, उजवीकडे लिथुआनियाची रासा,
कानांत बोळे, तरी पट्ट्याची घरघर.
चोवीस वर्षं हात आपले आपण चालतात;
डोक्याला तिथे कुणी काम दिलेलं नाही.

तिथे, एका मंगळवारी, पावणेदोनला,
तो बोलला.
ही किल्ली तिला परत द्यायची होती, म्हणाला,
पण ती राहते ते गाव हे नव्हे,
आणि हे मला बोटीवरच ठाऊक होतं.

मी चिमटा टाकला.
कागद कुठला तिथे!
पेट्यांवर आकडे घालायचा काळा मार्कर होता
आणि अंगावर घोट्यापर्यंत पांढरा रबरी ॲप्रन.
पोटावर लिहिलं, मला सुलट, जगाला उलट.
मुकादम ओरडला. तीन काप जंतांसकट पुढे गेले,
तवमणीने हात लांबवून अडवले,
माझ्याकडे न बघता.

पाळी संपली की आम्ही ओळीने उभ्या राहतो
आणि गरम पाण्याच्या नळीने एकमेकींना धुतो.
रासाने नळी माझ्याकडे वळवली, ब्रश फिरवला,
आणि मी थांब म्हणेपर्यंत
गाव, बोट, किल्ली
खवल्यांबरोबर जाळीतून खाली.

बसमध्ये वही उघडली.
अकरा वाक्यांतली चार उरली होती.
गेलेली सात कोणती ते आठवेना,
आणि त्यांच्यावाचून काही अडतही नव्हतं.

तेव्हापासून हे असंच.
पावणेदोन, मार्कर, नळी, बस.
आता रासा विचारते, धुऊ? मी म्हणते, धू.
कधी चार उरतात, कधी एक,
एकदा नुसतं ‘तरीपण’ उरलं होतं,
तेही लिहून ठेवलं.

शेतिलना सांगितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, ही पद्धत नव्हे, गुन्वोर, हा अपघात आहे.
असेल.
रोज होतो.

रविवारी ॲप्रन घरी आणला,
स्वयंपाकघरात घालून उभी राहिले.
मार्कर कानामागे. बटाटे सोलायला घेतले.
कुणी आलं नाही.
चार किलो सोलून झाले.
मुलगा दारातून विचारतो, एवढे कोण खाणार?

तो धक्क्यावरचा, मी म्हटलं,
त्याने परवापासून काही खाल्लेलं नाही.

बोलले, आणि तशीच थांबले,
हात ओले,
लिहायला जागा शोधत.